कूलरच्या पत्र्यातून कॉम्प्युटरचं कॅबिनेट : आपलं ऊन, रुई आणि पाली हिशोबात धरून बांधलेलं

पऱ्हाटी | २७ एप्रिल, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी.

हिंगणघाटपासून बारा-तेरा किलोमीटरवर आमचं गाव. लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ हा माझा धंदा. शूटिंग गावोगावी, एडिटिंग घरी. आमच्याकडे लग्नं दाट लागतात ती एप्रिल-मेमध्ये, त्यामुळे कॉम्प्युटरवर वर्षाचा सगळ्यात जास्त लोड नेमका ४५ अंशांत येतो. तीन वर्षांत माझा एक मदरबोर्ड आणि दोन एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) गेले. पहिला एसएमपीएस पालीने घेतला. मागच्या जाळीतून ती आत गेली आणि रात्री अकराला फट्ट आवाज होऊन अख्ख्या घराची लाईन गेली. मदरबोर्ड कशाने गेला ते दुकानात कोणी सांगितलं नाही, नवा बसवून दिला आणि पैसे घेतले.

यंदा फेब्रुवारीत मी स्वतः कॅबिनेट उघडलं. आमच्या गावापासून कापसाचं जिनिंग जवळ आहे, हंगामात हवेत रुई उडतच असते. हीटसिंकवरचा, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढणाऱ्या धातूच्या ठोकळ्यावरचा, पंखा काढला तर खालून रुईची गोल गादी निघाली. अख्खी. दोन बोटांनी उचलली तशी वर आली. फुलवातीसारखी मऊ, फक्त राखाडी. म्हणजे गेला हंगामभर माझा प्रोसेसर दुलई पांघरून काम करत होता.

कॅबिनेट कमी पैशाचं नव्हतं. समोर काच, रंगीत दिव्यांचे तीन पंखे, दिसायला फार सुंदर. पण काचेच्या कडेला करंगळीएवढी फट, आणि तीनही पंख्यांनी हवा ओढायची ती त्या फटीतून. एसीच्या खोलीत ते चालत असेल, माझ्या खोलीत चाललं नाही.

त्याच खोलीत पत्र्याचा कूलर उभा आहे. आठ वर्षं झाली, मोटर अजून तीच. त्याच्याकडे पाहता पाहता डोक्यात आलं की कूलर हवा तीन बाजूंनी घेतो. बाजूंना तीन मोठ्या ताट्या, म्हणजे हवा गाळणाऱ्या चौकटी, असतात, त्यामुळे कुठल्याही एका जागी हवेला जोर नसतो. हवा सावकाश आत येते, धूळ ताटीत अडकते, आणि ताटी काढून धुता येते. माझ्या कॅबिनेटमध्ये याच्या उलट होतं. जागा कमी म्हणून हवेला वेग जास्त, आणि त्या वेगाने रुई थेट आत.

मग आमच्या बाजाराच्या गावी कूलर बनवणारे चाचा आहेत त्यांच्याकडे गेलो. मी मदरबोर्ड, ग्राफिक कार्ड, एसएमपीएस सगळं पिशवीत घालून नेलं होतं. त्यांनी आयुष्यात कॉम्प्युटर उघडून पाहिलेला नव्हता. टेबलावर सगळं मांडलं, त्यांनी प्रत्येक वस्तू हातात घेऊन पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला : हवा कुठून येणार आणि कुठून जाणार? मी इतक्या दुकानांत फिरलो, हा प्रश्न मला कोणीही विचारला नव्हता.

ठरलं ते असं. एका मोडक्या कूलरचा पत्रा, बावीस गेज, म्हणजे साधारण ०.८ मिमी. खोका ३०० मिमी रुंद, ४०० खोल, ५२० उंच. आत १८० मिमी उंचीवर एक आडवा माळा. माळ्याखालचा भाग पूर्ण रिकामा, त्याला तीन बाजूंनी जाळी. माळ्यात १४० मिमीचे दोन पंखे, हवा खालून वर ढकलणारे. वरच्या भागात मदरबोर्ड, कार्ड, एसएमपीएस. सगळ्यात वर छपरी, पुढून मागे उतरती, तिच्याखालून गरम हवा बाहेर. छपरी असल्यामुळे वरून काही पडत नाही आणि तिच्यावर कोणी वही, टॉवेल ठेवून तोंड बंद करत नाही, घसरून पडतं.

जाळी दोन थरांची. बाहेर स्टीलची मच्छरजाळी रिबीट मारून पक्की, ती पाली-झुरळांसाठी. आत ओढून काढायची चौकट, तिच्यावर बारीक नायलॉनचं कापड, ते रुईसाठी. चौकटीला आम्ही ताटीच म्हणतो. जाळीची मोकळी जागा मोजली तर दोन्ही पंख्यांच्या तोंडाच्या जवळपास पावणेपाचपट भरते. पंखे बाहेरून आत हवा भरतात, त्यामुळे आतला दाब किंचित जास्त राहतो, आणि ज्या फटी राहिल्या असतील त्यांतून हवा बाहेर येते, धूळ आत जात नाही.

माझी चूक सांगतो, म्हणजे दुसऱ्या कोणाची होणार नाही. मदरबोर्डच्या मागच्या सॉकेटांसाठी जी आयताकृती खिडकी लागते तिचं माप ठरलेलं आहे, १५८.७५ गुणिले ४४.४५ मिमी. मी बोर्ड पत्र्यावर सपाट ठेवून पेन्सिलने खूण केली. पण बोर्ड पत्र्यावर बसत नाही, पितळी स्टडवर बसतो, आणि तो स्टड साडेसहा मिमी उंच असतो. खिडकी तेवढीच सरकली. यूएसबीचं तोंड अर्धं पत्र्याआड. चाचा काही बोलले नाहीत, कानस बाजूला ठेवली आणि दुसरी पट्टी कापून वरून रिबीट केली. आजही मागून पाहिलं की ती पट्टी दिसते.

खर्च : मजुरी ९००, पावडर कोटिंग ५००, दोन पंखे १,३००, जाळी ३५०, बटण-वायर-स्टड २५०. पत्रा जुना, त्याचे पैसे चाचांनी घेतले नाहीत.

आत रायझन ५ ५६००एक्स प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०६० ग्राफिक कार्ड. खोलीत ४० अंश असताना जुन्या कॅबिनेटमध्ये रेंडर (एडिट केलेल्याचा अंतिम व्हिडिओ काढणं) लावलं की प्रोसेसर ९५ला टेकायचा आणि तिथून वेग कमी करायचा. आता तेच रेंडर, तीच खोली, ८३-८४. एका लग्नाचं पूर्ण रेंडर पावणेतीन तासांवरून दोन तासांच्या आत आलं.

आपल्याकडे आणखी कोणी स्वतःचं कॅबिनेट बांधलंय का? लाकूड, बांबू, काहीही. मला पाहायचं आहे, शिकायचं आहे.


वऱ्हाडी_वायरमन | २७ एप्रिल, रात्री ११.१५

भाऊ, काम मस्त केलं. पण एक गोष्ट इचारतो, अर्थिंगचं काय केलं? तुमी पावडर कोटिंग केलं म्हनता. पावडर कोटिंग म्हंजे पत्र्यावर प्लॅस्टिकचा थर, त्यातून करंट जात नाई. एसएमपीएसची बॉडी जिथं स्क्रूनं बसते, तिथला रंग खरडून उघडा पत्रा काढा आन् दातेरी वायसर टाका. मंग बाजूचं झाकन, छपरी, माळा, सगळे तुकडे एकमेकाले जोडले हायेत का ते मल्टिमीटरनं बीप लावून पाहा. एकबी तुकडा सुटा रायला तं त्याले हात लावल्यावर मुंग्या येतीन.

आन् घरची अर्थिंग. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खड्डा कोरडा पडते, अर्थिंग नावालेच रायते. मीठ-कोळशाचा खड्डा असन तं मार्च ते जून दर दोन-चार दिवसांनी बादलीभर पानी टाकत जा. न्यूट्रल आन् अर्थिंगच्या मंधात व्होल्टेज मोजा, दोन-तीनच्या आत पाह्यजे. माह्या पाहन्यात एका घरी ४० निंगालं होतं.


पऱ्हाटी | २८ एप्रिल, सकाळी ७.०५

वायरमन भाऊ, आत्ताच मोजून आलो. छपरी सुटी होती! रंग खरडला, वायसर टाकला, आता बीप येते. न्यूट्रल-अर्थिंग ११ व्होल्ट निघालं. खड्ड्यात दोन बादल्या टाकल्यात, संध्याकाळी परत मोजतो. मनापासून आभार, ही गोष्ट माझ्या ध्यानीमनी नव्हती.


अंबानगरी | २८ एप्रिल, दुपारी १.३०

मी अमरावतीची, मेकॅनिकल केलंय, सध्या गावी. पऱ्हाटी दादा, तुमच्या कूलरच्या कल्पनेमागचं गणित मांडते, कारण ते बरोबर आहे आणि इतरांनाही बांधताना कामी येईल.

कॉम्प्युटर जेवढी वीज खातो तेवढी सगळी शेवटी उष्णता होते. तुमचा पूर्ण लोडवर ३०० वॅट धरू. पंख्यांच्या खोक्यावर घनफूट प्रति मिनिट लिहिलेलं असतं ते बघा. खरोखर ५० घनफूट हवा मिनिटाला आरपार जात असेल, तर ३०० वॅट उष्णता घेऊन ती हवा आत आली त्यापेक्षा ११-१२ अंश गरम होऊन बाहेर पडते. हवा निम्मी झाली की हा फरक दुप्पट, २३ अंश. जाळी रुईने भरली की नेमकं हेच होतं. खोक्यावर लिहिलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो, जाळी लावली की तो पडतोच. म्हणून जाळी मोठी हवी. जाळीचं क्षेत्र वाढवलं की तिच्यातून जाणाऱ्या हवेचा वेग कमी होतो आणि अडथळा कमी होतो.

दुसरं, खोलीचं तापमान एक अंश वाढलं की आतलं सगळं साधारण एक अंश वाढतं. तुमचे ८३-८४ हे ४० अंशांच्या खोलीतले आहेत. मे अखेरीस खोली ४४ झाली तर ८८ धरून चाला. ५६००एक्सची मर्यादा ९५ आहे, म्हणजे वाचता, पण फार जागा उरत नाही. प्रोसेसरवरचा सोबत आलेला छोटा पंखा बदलून उभा टॉवर हीटसिंक बसवा. तुमच्या खोक्याची रुंदी ३०० आहे, बहुतेक कुठलाही आरामात बसेल.


कोळसापट्टा | २८ एप्रिल, दुपारी ४.१०

वणीहून. आमच्याकडे रुई कमी, कोळशाची धूळ जास्त. ती रुईसारखी उचलून येत नाही, पंख्याच्या पात्याच्या पुढच्या कडेवर काजळीसारखी चिकटून बसते. ब्लोअरने जात नाही. नायलॉनची ताटी असेल तर साबणाच्या पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी निघते. पूर्ण वाळल्याशिवाय परत घालू नका. दोन ताट्या करून ठेवा, एक धुण्यात, एक कामात.


वाढईची_लेक | २८ एप्रिल, रात्री ९.५०

माझे बाबा वाढई. तान्ह्या पोळ्यासाठी दरवर्षी लाकडी बैल करतात, लहान पोरांचे, चाकांचे. मागच्या वर्षी माझ्या भाच्याच्या शाळेतल्या तान्ह्या पोळ्यात ठेवायला आम्ही दोघांनी मिळून एक बैल केला, आणि त्या बैलाच्या पोटात कॉम्प्युटर आहे. चालतो. आज ही पोस्ट मी त्याच्यावरच लिहिते आहे.

बैल सव्वादोन फूट लांब, शिवण झाडाच्या लाकडाचा. सागवान बाबांकडे होतं, जुन्या घराच्या तुळईचं, पण ते म्हणाले कोरायला शिवण बरी, हलकी असते आणि वाळल्यावर फारशी वळत नाही. आत मिनी-आयटीएक्स, म्हणजे लहान मापाचा मदरबोर्ड, १७० गुणिले १७० मिमी, बैलाच्या बरगड्यांत बरोबर बसतो. हवा पोटाखालच्या जाळीतून आत येते आणि वशिंडातून वर जाते. वशिंड आतून पोकळ करून तिथे ८० मिमीचा पंखा. झूल कापडाची घालायची नाही, ती रंगवलेली आहे, नाहीतर पोरं ओढून वशिंडावर टाकतात.

शिंगांत वायफायचे अँटेना आहेत. बाबांनी शिंगं मधून चिरली, आतून खोबणी पाडली, वायर घालून परत जोडली. पत्र्यातून वायफाय अडतं, लाकडातून जातं, त्यामुळे शिंगं लाकडाची असणं खरंच उपयोगी पडलं.

लाकडात २३० व्होल्ट न्यायचं नाही असं मी आधीच ठरवलं होतं. अडॅप्टर बाहेर, शेपटीच्या बाजूने फक्त १२ व्होल्टची वायर आत जाते, आणि आत एक छोटी पट्टी त्याचं ३.३ आणि ५ व्होल्ट करते. प्रोसेसर ३५ वॅटचा घेतला.

एक चूक झाली. मी बोर्ड थेट लाकडावर स्क्रूने बसवला होता. ऑगस्टमध्ये झड लागली आणि एका सकाळी कॉम्प्युटर सुरूच होईना. उघडलं तर बोर्ड मधून किंचित कमानला होता. शिवण कमी फुगते, पण फुगते. आणि लाकूड फुगतं ते नसांच्या आडव्या बाजूला, लांबीला जवळपास नाही, म्हणजे चार स्क्रूंपैकी दोन जागेवर आणि दोन सरकलेले. स्क्रू सैल केल्याबरोबर बोर्ड सपाट झाला आणि चालू झाला. मग बाबांनी ॲल्युमिनियमचा छोटा ट्रे केला, बोर्ड ट्रेवर घट्ट, आणि ट्रेला लाकडावर बसवायची भोकं लांबट ठेवली. आता लाकडाने कितीही श्वास घेतला तरी बोर्डाला ताण नाही.


पऱ्हाटी | २८ एप्रिल, रात्री १०.१५

ताई, मी हे तीनदा वाचलं. शिंगांत अँटेना! बाबांना माझा नमस्कार सांगा. लांबट भोकांचं मी लिहून ठेवलं आहे.


शांत_मनुष्य | २९ एप्रिल, सकाळी ११.००

कौतुक आहेच, पण खरं विचारतो. चार-पाच हजारांत आता पूर्ण जाळीचं पुढचं तोंड असलेली कॅबिनेटं मिळतात. इतकी खटपट का करायची? काही चुकलं तर वीस-तीस हजारांचं सामान जळतं.


पऱ्हाटी | २९ एप्रिल, दुपारी १२.२०

दादा, प्रश्न रास्त आहे. ज्यांना जमत नाही त्यांनी जाळीचं कॅबिनेट घ्यावं, काचेचं घेऊ नये, एवढं तर मी छातीठोक सांगतो. पण त्या जाळीची भोकं मोठी असतात, पालीचं पिल्लू सहज जातं, आणि पाण्याखाली धरून धुवायची ताटी फार कमी जणांत असते. माझ्या खोलीला लागणारी वस्तू तयार मिळत नाही. आणि ज्या माणसाला पत्रा कसा वाकवायचा, हवा कशी खेळवायची हे चाळीस वर्षांपासून माहीत आहे, तो माझ्यापासून सहा किलोमीटरवर बसतो. जुलैनंतर त्याच्याकडे काम नसतं. हे मला सारखं टोचतं. आपल्याकडे हे कसब आहे, ते कॉम्प्युटरपर्यंत कोणी आणलं नाही एवढंच.


अंबानगरी | २९ एप्रिल, दुपारी १.४५

शिवाय ही काही नवी खटपट नाही. १९७६मध्ये ॲपल-१ विकायला आला तो नुसता बोर्ड होता, कॅबिनेटच नव्हतं. घेणाऱ्यांनी घरी लाकडाचे खोके केले, त्यातले काही आज संग्रहालयांत आहेत. १९९६मध्ये स्टॅनफर्डला लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी ४ जीबीच्या दहा हार्ड डिस्क ठेवायला लेगोच्या ठोकळ्यांचा खोका केला होता. हातात जे होतं त्यातून केलं. आपल्या हातात पत्रा आहे, शिवण आहे.

आणि शांत दादा, खोका स्वतः बांधणं म्हणजे वीज स्वतः बनवणं नव्हे. एटीएक्सची, म्हणजे मदरबोर्ड-कॅबिनेटच्या प्रमाण साच्याची, मापं १९९५पासून ठरलेली आहेत. पूर्ण एटीएक्स बोर्ड ३०५ गुणिले २४४, मायक्रो २४४ गुणिले २४४. १२० मिमी पंख्याच्या स्क्रूंचं अंतर १०५ मिमी, १४०च्या पंख्याचं १२४.५. कार्डांच्या दोन खाचांमधलं अंतर २०.३२. एवढी मापं सांभाळली की बाकी खोका तुमच्या मनाचा. मापं घ्यायचा कंटाळा असेल तर भंगारातलं जुनं कॅबिनेट आणा, मदरबोर्डचा ट्रे आणि पाठीचा पत्रा अख्खा कापून घ्या आणि तो नव्या खोक्यात रिबीट करा. स्टडची भोकं, मागची खिडकी, कार्डांच्या खाचा, सगळं जागच्या जागी मिळतं.


शांत_मनुष्य | २९ एप्रिल, दुपारी २.३०

भंगारातल्या ट्रेचं पटलं. हे करून पाहण्यासारखं आहे.


बुरुडाचा_विळा | ३० एप्रिल, रात्री ८.२०

गडचिरोलीकडून. आमच्या घरात सुपं-टोपल्या पिढ्यांपासून. मी पुढचं तोंड बांबूचं केलं, बाकी कॅबिनेट जुनंच, फक्त त्याचा प्लॅस्टिकचा चेहरा काढून फेकला. बांबूच्या पातळ पाट्या काढून ताटव्यासारखं विणलं, पण सैल, दोन पाट्यांमधून काडेपेटीची काडी जाईल इतकं. मागे नायलॉन.

बांबू करणार असाल तर दोन-तीन गोष्टी. मानवेल जातीचा बांबू घ्या, तीन-चार वर्षांचा पक्का. कोवळ्यात गोडवा जास्त, त्याला भुंगा लागतो आणि मग कॅबिनेटमध्ये पिवळं पीठ पडतं. बांबू पावसाळ्यानंतर, थंडीत तोडलेला असावा. पाट्या काढून झाल्या की बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवायच्या, मग सावलीत वाळवायच्या, उन्हात नाही, तडकतात. पाठीची, म्हणजे सालीची, बाजू बाहेर ठेवा, ती गुळगुळीत असते, धूळ बसली तरी ओल्या फडक्याने पुसली जाते. पोटाची बाजू धूळ धरून ठेवते.

चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, मेळघाटात लवाद्याला संपूर्ण बांबू केंद्र आहे. ज्यांच्या घरात हे काम नाही त्यांनी तिथे जाऊन हात बसवावा. पुस्तकातून पाटी सारखी निघत नाही. विळा किती तिरका धरायचा ते मनगटालाच कळतं.


मेळघाटी_मास्तर | १ मे, सायंकाळी ६.००

धारणी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. लवाद्याचं नाव वाचून लिहावंसं वाटलं. आमच्या शाळेत एक जुना कॉम्प्युटर आहे. घरी कोरकू बोलणारी पोरं, त्यांना मी ‘प्रोसेसर’, ‘मेमरी’ असे शब्द फळ्यावर लिहून देत होतो आणि त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं. मग डिसेंबरात मी बाजूचा पत्रा काढून तिथे ॲक्रिलिक बसवलं. पोरं मधल्या सुट्टीत येऊन समोर बसतात. पंखा फिरायला लागला की एक मुलगी दरवेळी मोठ्याने सांगते, आता याला गरम झालं. तिला मी हे शिकवलेलं नाही, तिने पाहून ओळखलं.

मला आता पूर्ण पारदर्शक कॅबिनेट करायचं आहे, प्रत्येक भाग वेगळ्या रंगाच्या चौकटीत, त्याचं नाव मराठीत आणि कोरकूत. ॲक्रिलिक कापताना तडे गेले, ते कसं टाळायचं? आणि पोरांच्या हातांपासून काय काय बंद ठेवायला हवं?


वऱ्हाडी_वायरमन | १ मे, सायंकाळी ७.३०

मास्तर, एसएमपीएस अजाबात उघडा ठेवू नका. त्याचं डबडं डबड्यातच राहू द्या. आत जो मोठा कॅपॅसिटर असते त्यात सव्वातीनशेच्या वर व्होल्टेज साचते आन् लाईन बंद केल्यावरबी काही येळ तसंच रायते. त्याची जाळी बारीक पाह्यजे, पोरं तार घालतेत. बाकी आतलं सारं १२ व्होल्ट आन् त्याच्या खालचं हाये, त्यानं शॉक नाई लागत, पन पोरानं पेन घातला तं बोर्ड जाते. म्हून चारी बाजू बंद, हवेची भोकं पोराच्या बोटापेक्षा बारीक. पंख्याले जाळी पाह्यजेच.

बोर्डाले हात लावाच्या आधी एसएमपीएसच्या उघड्या पत्र्याले हात लावत जा, पिन सॉकेटात, बटण बंद. मे महिन्यात हवा कोरडी रायते, टेरिकॉटचा शर्ट असला तं अंगावर चार्ज साचते. मेमरीचा एक दाना माह्या हातानं असाच गेला.


अंबानगरी | १ मे, रात्री ८.४०

ॲक्रिलिक ३ मिमीचं असेल तर करवत वापरू नका सर. पट्टी धरून ॲक्रिलिकच्या कटरने एकाच रेघेवर आठ-दहा वेळा ओढा, साधारण तिसरा हिस्सा खोल जाईपर्यंत, मग टेबलाच्या कडेवर ती रेघ ठेवून एका झटक्यात दाबा. सरळ तुटतं. भोकं पाडताना खाली लाकूड ठेवा, ड्रिल सावकाश फिरवा, मध्ये मध्ये पाण्याचा थेंब सोडा. वेगाने फिरवलं की ते वितळून बिटला चिकटतं आणि बिट बाहेर ओढताना तडा जातो. वरचा कागद सगळं होईपर्यंत काढू नका. स्क्रू पूर्ण आवळायचे नाहीत, भोक स्क्रूपेक्षा एक मिमी मोठं ठेवा, उन्हाने ॲक्रिलिकही फुगतं.


गावकूस | ३ मे, सकाळी ९.१०

खोलीत कूलर चालू असेल तर ओलाव्याने बोर्ड गंजत नाही का? मी भीतीने कूलर बंद ठेवून काम करतो.


अंबानगरी | ३ मे, सकाळी १०.००

मेमध्ये बिनधास्त चालवा. आपली हवा इतकी कोरडी असते की कूलर लावूनही ओलावा धोक्याच्या जवळ जात नाही, आणि खोली आठ-दहा अंश उतरते, त्याचा कॉम्प्युटरला थेट फायदा. फक्त कूलरचं तोंड कॅबिनेटकडे नको, तुषार उडतात आणि आपल्या बोअरच्या पाण्यातला क्षार बोर्डावर पांढरा बसतो. पाऊस सुरू झाला की मात्र कूलर बंद. जुलैत हवा आधीच ओली असते.


पऱ्हाटी | २९ मे, रात्री ११.३०

महिन्याचा हिशोब देतो. या महिन्यात अकरा लग्नं काढली. बाहेर ४६, कूलर लावून खोली ३६-३७. अंबानगरी ताईंनी सांगितलेला उभा हीटसिंक बसवला. प्रोसेसर ७४च्या वर गेला नाही. लाईन गेली तेवढे सोडून एकदाही बंद पडला नाही. न्यूट्रल-अर्थिंग आता २ व्होल्टच्या आत आहे, खड्ड्याला पाणी टाकायचं काम आईने स्वतःकडे घेतलं आहे, तुळशीला घालते तेव्हा तिकडेही घालते.

ताट्या दर रविवारी काढतो. काल काढलेली हातात धरली तर तिच्यावर बाहेरच्या बाजूने सारखा थर होता, पुऱ्या चौकटीवर एकसारखा, कुठेही जाड-पातळ नाही. म्हणजे हवा सगळीकडून सारखी येते आहे. आतला माळा स्वच्छ. एक पाल बाहेरच्या जाळीला दोन दिवस चिकटून होती, उबेला आली असेल, मग निघून गेली.

चाचांना हे सगळं दाखवायला लॅपटॉप घेऊन गेलो होतो. शिंगांतले अँटेना वाचून दाखवले. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, त्या वाढईला एकदा भेटायचं आहे.

मास्तर, तुमच्या शाळेच्या खोक्याचा खालचा, जाळीचा भाग मी आणि चाचा करून देतो, वरचं ॲक्रिलिक तुमचं. मोडक्या कूलरचे दोन पत्रे बाजूला काढून ठेवलेत. तुमचा बोर्ड मायक्रो आहे की पूर्ण, आणि ज्या टेबलावर ठेवायचं त्याची रुंदी किती, एवढं कळवा. पोरं बसून पाहतात म्हणता, तर मग माळा १८०ऐवजी १२०वर घेऊ, म्हणजे बोर्ड त्यांच्या डोळ्यांसमोर येईल. चाचांकडे बेंडिंगचं मशीन गुरुवारी मोकळं आहे.


मेळघाटी_मास्तर | ३० मे, सकाळी ६.२०

मायक्रो. टेबल ६०० मिमी रुंद, ४५० खोल. पोरांची उंची बसल्यावर टेबलापासून साधारण एक वीत वर, १२० बरोबर आहे. गुरुवारी मीच येतो, धारणीहून पहाटेच्या एसटीने निघतो. ॲक्रिलिक सोबत आणतो.